महाड, चिपळूण, कोयनानगर: डोंगराखाली आणि नदीकाठी राहणाऱ्यांकडे एक चक्कर

नवरात्राच्या आधीच्या आठवड्यात पुणे–ताम्हिणी–महाड–चिपळूण–कुंभार्ली–कोयनानगर–कऱ्हाड–पुणे असा गोल मारून आलो. मी आणि बायको. निमित्त तिच्या मामांचं, ते चिपळूणला असतात, पेठेत दुकान आहे, आणि लग्न झाल्यापासून 'या एकदा निवांत' म्हणतायत. पण माझ्या डोक्यात दुसरंच होतं. जुलै २०२१ चा तो पाऊस आठवत असेल, २२ तारखेच्या आसपास महाबळेश्वरला चोवीस तासात ५९४ मिलिमीटर पडला होता. महाबळेश्वरच्या डोंगरावरून सावित्री एका अंगाने कोकणात उतरते आणि कोयना दुसऱ्या अंगाने घाटमाथ्यावर, आणि त्याच दोन दिवसांत इकडे महाड तालुक्यात तळीये गेलं, चिपळूण बुडालं, तिकडे पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथे डोंगर खाली आले. टीव्हीवर ही सगळी वेगवेगळी गावं वाटतात. प्रत्यक्षात एका लांब वीकेंडच्या ड्राइव्हमध्ये बसतात. तिथली माणसं आता त्या डोंगराकडे आणि नदीकडे कशी बघतात, जुलैत झोप लागते का, हे बघायचं होतं. बायकोने निघतानाच बजावलं, दुःखाच्या जागी फोटो काढत फिरायचं नाही. त्यामुळे फोटो फारसे नाहीयेत, जे आहेत ते जेवणाचे आहेत.

पहिला दिवस: ताम्हिणी, दासगाव, महाड

ताम्हिणीत धुकं, सोनकीची पिवळी फुलं, धबधबे बारीक झालेले पण चालू. (शनिवार-रविवार टाळा, रस्त्यात गाड्या लावून नाचणारे अजून संपलेले नाहीत.) माणगावला नेहमीचं ट्रॅफिक, त्याबद्दल लिहिण्यात अर्थ नाही. दासगावला चहाला थांबलो कारण हे नाव मला माहीत होतं. २६ जुलै २००५ म्हटलं की सगळ्यांना मुंबई आठवते, सांताक्रूझचे ९४४ मिलिमीटर आठवतात, पण त्याच वेळी इकडे दासगाव, जुई, रोहण, कोंडिवते या महाड तालुक्यातल्या गावांवर दरडी कोसळल्या होत्या आणि माणसं गेली होती शेकड्याच्या घरात. पुण्यात कुणाला विचारा, दहातल्या नऊ जणांना माहीत नसतं.

टपरीवाल्या मावशींना मी डोंगराबद्दल विचारलं तर त्यांनी डोंगराकडे पाठ करून खाडीकडे बोट केलं. "त्यो रेल्वेचा भराव दिसतोय काय? त्याच्यानी पाणी अडतं." मला वाटलं प्रश्न नीट कळला नाही, म्हणून परत म्हटलं, मावशी, डोंगराची भीती नाही वाटत का? तर म्हणाल्या, "डोंगर काय, आला तर एकदाच येतो. पाणी दर सालाला येतं, मग कुणाची धास्ती घ्यायची आमी?" आणि कप विसळायला लागल्या. त्या वाक्यावर मी महाड येईपर्यंत विचार करत होतो. माणसं किती मेली या हिशोबाने धोका मोजायची सवय आपल्याला, म्हणजे पेपर वाचणाऱ्यांना. त्यांचा हिशोब वेगळा आहे, दर वर्षी काय काय उचलून वर ठेवावं लागतं त्याचा.

रेल्वेच्या भरावाचं हे म्हणणं मग महाडमध्ये जो भेटला त्याच्याकडून ऐकलं. सावित्रीतली गाळाची बेटं, दासगावजवळचा कोकण रेल्वेचा भराव, ही दोन नावं आरोपीसारखी घेतली जातात. संध्याकाळी चवदार तळ्यावर जाऊन आलो (१९२७ चा सत्याग्रह जिथे झाला तिथे शांत बसायला मिळालं, गर्दी नव्हती), मग बाजारपेठेत फिरलो. पेठेतल्या कितीतरी दुकानांत भिंतीवर पुराची रेघ आहे, कुणी ऑइलपेंटने मारलीय, कुणी नुसती खिळ्याने ओढलीय. एका हार्डवेअरवाल्या काकांकडे दोन रेघा होत्या. खालची २००५ ची. तिच्या हातभर वर त्यांनी नंतर लोखंडी अँगलचा माळा बांधला, महागडा माल सगळा माळ्यावर, की आता कितीही पाणी येऊ दे. २०२१ ला पाणी माळ्यावर गेलं. दुसरी रेघ तिथे आहे. आणि आता नवा माळा त्या दुसऱ्या रेघेच्या बरोब्बर हातभर वर आहे! मी न राहवून विचारलं की काका, पुढच्या वेळी याच्याही वर आलं तर? हसले आणि म्हणाले, "मग स्लॅबच लागतो वर, मग दुकान विकायचं नाहीतर होडी घ्यायची."

हसण्यावारी नेण्यासारखं आहे पण मला यात त्यांचा दोष वाटत नाही. सरकारी पाट्यांवरही तेच असतं, मागच्या सगळ्यात मोठ्या पुराची पातळी. माणूस बघितलेल्या पाण्याला घाबरतो, न बघितलेल्या पाण्याला घाबरायचं कसं ते कुणीच शिकवत नाही.

भोंग्यावर मात्र सगळ्यांचा विश्वास आहे. सावित्रीची इशारा पातळी ६ मीटर, धोका पातळी साडेसहा, हे आकडे तिथे पाचवीतल्या पोराला पाठ आहेत, आणि नगरपालिकेचा भोंगा वाजला की पेठेतले लोक आधी गाड्या काढतात, मग माल, मग म्हाताऱ्या माणसांना वरच्या मजल्यावर. हा क्रम मला एका मेडिकलवाल्याने सांगितला, मी जरा दचकलो तर म्हणे म्हातारी माणसं लवकर हलायला तयारच नसतात, तोवर गाडी तरी निघते.

रात्री खानावळीत वाढणाऱ्या ताई सावित्रीच्या पुलाबद्दल बोलत होत्या. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री ब्रिटिशांच्या काळातला जुना पूल वाहून गेला, दोन एसट्या आणि बाकीच्या गाड्या पाण्यात गेल्या, ते सगळ्यांना आठवत असेल. आता नवा दणकट पूल आहे. "पन हात जोडल्याबिगार मी अजून पलीकडं जात नाय," म्हणाल्या. जेवण: तांदळाची भाकरी, कडव्या वालाचं बिरडं, सुकटीची चटणी. बिरड्यासाठी परत जाईन.

टीप म्हणून सांगतो, पावसाळ्यात महाडला राहत असाल तर तळमजल्याची रूम घेऊ नका, आणि गाडी कुठे लावायची ते लॉजवाला सांगेल तिथेच लावा, तो उगाच सांगत नाही. वरंध घाटातून यायचा विचार असेल तर आधी चौकशी करा, पावसात तो बऱ्याचदा बंद असतो.

दुसरा दिवस: बिरवाडीच्या वरच्या वाड्या, मग परशुराम घाट

सकाळी बिरवाडीकडून आत शिरलो. तळीयेच्या कोंढाळकरवाडीवर २२ जुलै २०२१ च्या संध्याकाळी डोंगर आला आणि ऐंशीहून जास्त माणसं गेली. तिथे आम्ही गाडीतून उतरून हात जोडले आणि निघालो. डोंगरावर अजून तो सोललेला पट्टा दिसतो, आता त्याच्यावर गवत आलंय, माहीत नसेल तर कुणाला कळणार पण नाही. त्याच्याबद्दल जास्त लिहीत नाही.

पुढे दुसऱ्या एका वाडीत (नाव मुद्दाम देत नाही) लॉजवाल्याच्या ओळखीने एका काकांकडे गेलो. मुंबईला गोदीत नोकरी करून रिटायर होऊन गावी आलेले. यांच्या वाडीचं नाव सरकारच्या दरडग्रस्त यादीत, म्हणजे दरडीचा धोका असलेल्या वाड्यांच्या यादीत आहे. दर जूनमध्ये तहसीलमधून नोटीस येते, अतिवृष्टीच्या काळात सुरक्षित ठिकाणी स्थलांतर करावे. काकांनी नोटिसा फायलीत लावून ठेवल्यात, एकाखाली एक, फक्त तारीख बदलते. मी विचारलं, मग जाता का? म्हणाले, "कुठे जायचं तेवढं लिहिलेलं नसतं."

नंतर मोकळे बोलले. जुलै म्हणजे लावणीचा महिना. त्या पंधरा दिवसांत वाडी सोडून शाळेच्या खोलीत जाऊन बसलं तर वर्षाचं भात गेलं. गुरांचं काय, शेळ्यांचं काय. म्हातारी माणसं म्हणतात राखणदार आहे, आजपर्यंत काही झालं नाही. आणि यादीचा त्रास वेगळाच. यादीत नाव आलं की नवं घर बांधायला अडचण, कर्ज मिळायला अडचण. "आणि पोराला पोरगी कोण देत नाय हो. विचारतात, दरडीखाली का तुमचं घर?" म्हणून वाडीतले काही लोक यादीतून नाव काढा म्हणून अर्ज घेऊन गेले होते. बायकोला हे ऐकून राग आला, मला नाही आला. खालापूरकडची इर्शाळवाडी यादीत नव्हती, १९ जुलै २०२३ च्या रात्री तिच्यावर दरड आली ते सगळ्यांनी बघितलं. ज्यांचं नाव यादीत आहे ते नोटिसा फायलीत लावतायत, ज्यांचं नाही ते निर्धास्त झोपतात, आणि डोंगर काही यादी वाचत नाही.

म्हणून काय ते गाफील आहेत असं अजिबात समजू नका. काकांच्या आई, वय नव्वदीकडे, मला घराच्या मागे घेऊन गेल्या. मागच्या चढावर जमिनीत बोटभर रुंद भेग, करवंदीच्या जाळीखालून गेलेली. त्या भेगेवर आजींनी ओल्या शेणाचे पट्टे लावलेत, दोन-तीन हातांवर एकेक, वाळून कडक झालेले. शेणाला तडा गेला म्हणजे जमीन सरकली. रोज सकाळी परसाकडे जाताना बघून येतात. मी वाकून बघितलं, पट्टे सगळे अखंड, एकाच्या कडेला मुंग्यांनी वारूळ केलेलं. माझा एक इंजिनिअर मित्र पुण्यात इमारतीच्या भेगांवर काचेच्या पट्ट्या चिकटवतो, तंतोतंत तेच काम, तो त्याचे पैसे घेतो.

आजींची बाकीची लक्षणंही ऐकण्यासारखी होती. बारमाही झऱ्याचं पाणी अचानक गढूळ आलं तर वाईट, अचानक आटलं तर त्याहून वाईट. पडवीत नसलेला उमाळा फुटला, भिंतीला ओल चढली, दाराची कडी बसेना, झाड कललं, तर त्या रात्री घरात झोपायचं नाही. २०२१ पासून मोठा पाऊस लागला की वाडीतल्या बायका-पोरं खालच्या गावात नातेवाइकांकडे झोपायला जातात आणि पहाटे गुरांना वैरण घालायला परत वर येतात. हे कुठल्याच सरकारी कागदावर स्थलांतर म्हणून येत नसणार. पुणे जिल्ह्यातलं माळीण ३० जुलै २०१४ ला सकाळी दरडीखाली गेलं, १५१ माणसं, लोक घरात होते. काका म्हणाले आमच्याकडे पावसात सकाळी पण कुणी उगाच घरात बसत नाही आता.

निघताना आजींनी बायकोला भारंगीची सुकवलेली भाजी दिली आणि मला म्हणाल्या, "पुण्याला तुमच्या घरामागं काय हाय?" मी म्हटलं पार्किंग. त्या विचारात पडल्या.

दुपारी हायवेला लागलो. कशेडीचा बोगदा झाल्यापासून घाटाची वळणं वाचतात, खेड पटकन येतं. चिपळूणच्या आधी परशुराम घाट. वर परशुराम गाव, खाली पेढे गाव, आणि मधून चौपदरीकरणासाठी उभा कापलेला डोंगर, भिंती, जाळ्या. रसवंतीवर एक रिक्षावाले भेटले, त्यांचं घर खालच्या बाजूला. "पूर्वी डोंगर पडायचा तेव्हा आम्ही देवाला नारळ द्यायचो. आता पडतो तेव्हा कॉन्ट्रॅक्टरला शिव्या देतो. शिव्या देणं बरं वाटतं, निदान कोण ते माहितीय." डोंगर पडला आणि डोंगर पाडला यातला फरक या रस्त्यावर सगळ्यांना पक्का कळलाय, आणि गंमत म्हणजे पाडलेल्या डोंगराची भीती जास्त आहे असं मला जाणवलं, कारण तो कसा वागेल याचा जुन्या माणसांनाही अंदाज नाही.

तिसरा दिवस: चिपळूण, मामा आणि धरणफोडे

मामांकडे पोचलो तर मामी खेकडे साफ करत बसलेल्या. दुपारच्या जेवणाला मामांनी रश्शातला सगळ्यात मोठा डेंगा माझ्या ताटात टाकला आणि म्हणाले, "घ्या जावईबापू, धरणफोडे!" मला आधी कळलंच नाही. मग पेटली. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं, भेंदवाडी वाहून गेली, वीसेक माणसं गेली, आणि तेव्हाचे मंत्री म्हणाले होते की खेकड्यांनी धरण पोखरलं. गावकरी आधीपासून सांगत होते गळती आहे म्हणून. तेव्हापासून या भागात खेकड्याचं नाव हे. हसत हसत खाल्ले, पण मामा नंतर म्हणाले, "आम्ही हसतो कारण तिवऱ्यातली माणसं हसत नाहीत अजून." खेकडे झकास होते, मामींचा हात, सोबत तांदळाची भाकरी आणि सोलकढी.

संध्याकाळी मामांबरोबर पेठेत. चिपळूणकरांना पुराबद्दल विचारायला लागत नाही, ते आपणहून सांगतात, आणि प्रत्येकाचं सांगणं आकाशापासून नाही तर घड्याळापासून सुरू होतं. किती वाजता पायरीला पाणी लागलं, किती वाजता लाइट गेली, किती वाजता जिन्याची सातवी पायरी बुडाली. २०२१ ला तेव्हा आषाढी होऊन दोन दिवस झाले होते, गुरुपौर्णिमा तोंडावर, म्हणजे खाडीला उधाण. वरून वाशिष्ठी, मधून शिव नदी, खालून दाभोळ खाडीची भरती, पाणी जाणार कुठे. एसटीचे आगार व्यवस्थापक डेपोची रोकड घेऊन एसटीच्या टपावर तासनतास बसून होते, ही गोष्ट तर तिथे दंतकथा झालीय.

पण कारण विचारा, शंभरातले नव्वद म्हणणार कोयना. कोयनेचं पाणी बोगद्यांतून सह्याद्रीच्या पोटातून पोफळीला उतरतं, वीज करून कोळकेवाडी, अलोरे असं करत शेवटी वाशिष्ठीत येतं. त्याला इकडे अवजल म्हणतात. जे पाणी कृष्णेतून बंगालच्या उपसागराला गेलं असतं त्यातलं वर्षाला साडेसदुसष्ट टीएमसीपर्यंत (एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट) असं पश्चिमेला वळवायला परवानगी आहे. त्या रात्री ते पाणी सोडलं की नाही यावर चिपळूणमध्ये आजही चहा गार होईपर्यंत वाद होतात. प्रशासन पाऊस आणि भरती म्हणतं, पेठेला ते पटलेलं नाही. माझं मत विचाराल तर अवजलाबद्दल बोलताना लोक एक सोयीस्कर विसरतात, की एप्रिल-मेमध्ये कोकणातल्या बाकी नद्यांचे दगड उघडे पडतात तेव्हा वाशिष्ठीला पाणी असतं ते याच अवजलामुळे. मामांना मी हे म्हटलं. मामा म्हणाले, "मे महिन्यातलं पाणी कुणाच्या दुकानात शिरत नाही, म्हणून दिसत नाही." खरंय.

दुसरा मोठा विषय म्हणजे गाळ. २०२१ च्या डिसेंबरात चिपळूण बचाव समितीने नदीतला गाळ काढा म्हणून साखळी उपोषण केलं, मग यंत्रं आली, नाना पाटेकर-मकरंद अनासपुरेंचं नाम फाउंडेशनही उतरलं, आणि बराच गाळ निघाला. आता लोक पावसाळ्याआधी पुलावर उभे राहून नदीचा तळ बघतात आणि 'यंदा बरी आहे' म्हणतात.

तिसरा विषय निळी आणि लाल पूररेषा, आणि यावर मामांचा आवाज चढतो. शहराचा बराच भाग या रेषांच्या आत येतो, निळ्या रेषेत नवं बांधकाम बंद, लाल रेषेत अटी. "पुराचा चिखल आम्ही आठ दिवसात काढला, कमरेएवढा होता. ही रेषा कशाने काढायची? जागेला गिऱ्हाईक नाही, बँक दारात उभी करत नाही." म्हणजे पुराने जितकं घाबरवलं नाही तितकं नकाशाने घाबरवलंय. मी जरा शहाणपणा करून म्हटलं, मामा, पण नदीलाही जागा लागते ना. मामा थांबले, चष्मा काढला. "जावईबापू, तुमचा फ्लॅट मुठेपासून किती लांब?" मी गप्प. २५ जुलै २०२४ ला खडकवासल्यातून पाणी सोडलं आणि सिंहगड रोडला एकता नगरीत पाणी शिरलं, आमच्या घरापासून ते फार लांब नाही, आणि आम्ही फ्लॅट घेताना पूररेषेचा नकाशा नाही, मॉड्युलर किचन बघितलं होतं. बायको खो खो हसत होती.

लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरात जाऊन आलो, १८६४ ची संस्था, पुस्तकांनी २००५ आणि २०२१ चे दोन्ही पूर सोसलेत. जुनी पुस्तकं बघायला मिळतात, जरूर जा.

आणि मगरी! वाशिष्ठीच्या खाडीत गोवळकोटच्या बाजूला भरपूर मगरी आहेत, बोटीतून सफारी होते, २०२४ च्या पावसाळ्यात तर एक मगर रात्री शहरातल्या रस्त्यावर चालत होती तो व्हिडिओ सगळीकडे फिरला. मला बोटीत घाम फुटला होता. बोटवाला दादा एक हात पाण्यात घालून बसलेला. म्हणे, "तिला मासे खूप आहेत, तुमची गरज नाही." मग मी विचारलं तुम्हाला भीती कशाची वाटते, तर लगेच म्हणाला, "एमआयडीसीच्या पाण्याची. मासे मेले की ती पण जाईल आणि मी पण." (सफारीला सकाळी ओहोटीच्या वेळी जा, किनाऱ्यावर ऊन खात पडलेल्या दिसतात. गोवळकोटला करंजेश्वरीचं दर्शन आणि वर गोविंदगड, चढ सोपा आहे.)

चौथा दिवस: कुंभार्ली चढून कोयनानगर

मामींच्या हातचे घावणे आणि नारळाची चटणी खाऊन निघालो. कुंभार्लीत ट्रक आणि धुकं दोन्ही आहेत, हेडलाइट लावा, माकडांना काही देऊ नका, काच वर ठेवा. खाली पोफळीचं पॉवरहाऊस, ते डोंगराच्या पोटात आहे, आत सोडत नाहीत. वर आलं की हवा एकदम गार.

कोयनेचं धरण १०३ मीटर उंच, पाणी १०५ टीएमसी. नेहरू उद्यानातून छान दिसतं. नवजाचा ओझर्डे धबधबा भरपूर वाहत होता, गर्दी नव्हती, जळवा होत्या, मीठ घेऊन जा. होमस्टे एका कुटुंबाचा, मुलगा चालवतो, आई स्वयंपाक बघते, आणि आजी ओसरीवर बसून सगळ्यांवर लक्ष ठेवते. नाचणीची भाकरी, पिठलं, मिरचीचा ठेचा, आणि भात असा की नुसता खावा.

११ डिसेंबर १९६७ ला पहाटे मोठा भूकंप झाला तेव्हा आजी नऊ-दहा वर्षांच्या. जवळपास १८० माणसं गेली, कोयनानगर आडवं झालं. धरणात पाणी साठवल्यामुळे भूकंप होतात याचं जगभर दिलं जाणारं उदाहरण ते हेच. आणि तेव्हापासून इथली जमीन थांबलेलीच नाही, लहान धक्के चालूच असतात. पेपरमध्ये दोन ओळी येतात, सौम्य धक्का, धरण सुरक्षित. आजींना मी विचारलं, धक्का बसला की काय करता? "आदी आवाज येतो, जिमिनीखालनं गुरगुर. मग मांडणीवरची भांडी वाजत्यात. भांडी न्हाय वाजली तर त्यो भूकंपच न्हवं, त्याला उठायचं न्हाय." म्हणजे रिश्टर स्केल मांडणीवर आहे. गोठण्याला शास्त्रज्ञांनी अभ्यासासाठी तीन किलोमीटर खोल भोक पाडलंय ते पण त्यांना माहीत होतं. "एवढं खोल जाऊन काय बघत्यात? मला इच्यारलं असतं तर सांगितलं असतं की, हालतंय म्हनून."

सगळे हसलो. पण पावसाचा विषय निघाला आणि त्याच आजींचा चेहरा बदलला. २०२१ ला मिरगाव इथून जवळच, तिथली घरं गेली, लोक नंतर कोयनानगरच्या वसाहतीत येऊन राहिले. भूकंपाला उठायचं नाही म्हणणाऱ्या आजी मोठा पाऊस लागला की रात्रभर ओसरीवर बसून राहतात. त्यांचं म्हणणं साधं आहे: साठ वर्षं डोंगर हलवून हलवून खिळखिळा झालाय, आता पाण्याला फक्त धक्का द्यायचाय. शास्त्रज्ञ याला किती मान्यता देतील ते सोडा, भूकंप आणि दरड यांचा असा एकत्र विचार करणारं पहिलं माणूस मला त्या ओसरीवर भेटलं.

नातू, म्हणजे होमस्टेवाला, मिश्किल. "आमचे पणजोबा धरणग्रस्त, आजी भूकंपग्रस्त, आणि आता मी दरडग्रस्त व्हायच्या लाइनीत. दोन दाखले लॅमिनेट करून ठेवलेत, तिसऱ्याला फ्रेम करू." धरणग्रस्तांच्या जमिनीचा प्रश्न इथे अजून मिटलेला नाही, तिसरी पिढी मोर्चाला जाते. आणि भूकंपग्रस्ताच्या दाखल्यावर नोकरीत आरक्षण मिळतं म्हणून पाटण तालुक्यात त्या दाखल्याला सोन्याचा भाव. म्हणजे ज्या आपत्तीने घर पाडलं तिचाच कागद नातवाला नोकरी देतो. दरडीचा असा कुठलाच कागद नाही, म्हणून तिची भीती जास्त असं मी म्हणालो तर नातू म्हणाला, "तसं नाही दादा, दरडीत दाखला काढायला कोण उरलं पाहिजे ना."

रात्री पाऊस आला, जोरात नव्हता. बायको पांघरूण घेऊन झोपली, मी जागा. ओसरीवर आजी घोरत होत्या, म्हणजे हा पाऊस मोजण्यातला नव्हता, मग मीही झोपलो.

शेवटचा दिवस: पाटण, कऱ्हाड, घरी

पाटणपर्यंत रस्ता चांगला, भातं पिवळी पडायला लागलेली, बांधावर गव्यांना हाकलायला माचाण आणि रंगीत साड्या. वाघ-बिबट्याचं कुणी काढत नाही, गव्याचं नाव घेतलं की शेतकरी अर्धा तास बोलतो.

कऱ्हाडला प्रीतिसंगमावर थांबलो, कोयना इथे कृष्णेला मिळते, यशवंतरावांची समाधी आहे, घाट स्वच्छ होता. भेळवाल्याकडे दोन ओल्या भेळ घेतल्या. त्याच्या मोबाईलवर धरणाच्या विसर्गाचा मेसेज येऊन पडलेला, दरवाजे बंद, फक्त पायथा वीजगृहातून पाणी. मी विचारलं तुम्हाला कशाला लागतं हे? म्हणाला, कोयनेचे सहा दरवाजे किती फुटांवर आहेत त्यावर माझा धंदा. दीड फूट असले तर गर्दी दुप्पट, लोक पाणी बघायला येतात, भेळ संपते. चार-पाच फुटांवर गेले की गाडा वरच्या रोडला न्यायचा. "आन त्याच्या वर?" मी विचारलं. "त्याच्या वर गेलं की सांगलीच्या पाहुण्यांचा फोन येतो, मग त्यांच्यासाठी वरची खोली झाडून ठेवायची." भेळेचे ऐंशी रुपये झाले, तिखट जपून सांगा, त्याचं 'मीडियम' पुणेकरांना झेपत नाही.